खाच

नानाकाकांच्या घड्याळात पाणी शिरलं ते मोरीत. वीसेक वर्षं ते घड्याळ मुंबईच्या गोदीत बुड्या मारत होतं, गाळात, डिझेलच्या तवंगाखाली, जहाजांच्या बुडाला घासत. आणि बंद पडलं ते घोडपदेवच्या चाळीत, घंगाळाशेजारी, नानांच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी. तारीख लावायला चावी बाहेर काढली होती, ती परत पिळून बसवायची राहिली, आणि नाना तसेच अंघोळीला बसले. काकू जन्मभर सांगत राहिली, "दर्यात नाय बुडला, तांब्यात बुडला."

नाना गोदीत पाणबुडे होते. जहाजाच्या पंख्यात दोर अडकला, गोदीच्या दरवाज्याखाली लाकडाचा ओंडका अडला, कुणाचं काही मौल्यवान पाण्यात पडलं, की नाना खाली. मालवणचा माणूस, पोहायला शिकवावं लागलं नव्हतं. जन्म १९४४ चा. "स्फोटाच्या साली" असंच ते सांगतात. त्या वर्षी १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, असा अजब माल. त्यातल्या काही विटा पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढताना सापडल्या. नानांना नोकरीभर एक आशा होती, ती मला फार उशिरा कळली. प्रत्येक बुडीत, काम झालं की, ते एकदा गाळात हात घालून चाचपत. "वीट नाय गावली," ते म्हणतात, "बाटल्ये गावले. खूप गावले."

घड्याळ माझ्याकडे आलं ते नानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी. कपाट आवरताना औषधाच्या एका खोक्यात, कापसात गुंडाळलेलं निघालं. काचेवर इतके चरे की आतला वार वाचायला ते दिव्याखाली तिरकं धरावं लागे, आणि वाचता आला तरी उपयोग नव्हता, कारण वार अरबीत होता. आखातात टँकरवर असलेल्या एका गाववाल्या खलाशाकडून नानांनी ते घेतलं होतं, दीड महिन्याच्या पगाराला. वार इंग्रजीतही लावता येतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मंगळवार कसा दिसतो हे ते आकारावरून ओळखत.

मागच्या झाकणावर आकडे होते, ६३०९-७०४०. जपानच्या सिको कंपनीचं हे पाणबुड्यांचं मॉडेल १९७६ पासून पुढची बारा वर्षं बनत होतं. त्याखालच्या क्रमांकातलं पहिलं चिन्ह सालाचं आणि दुसरं महिन्याचं. नानांच्या घड्याळावर नऊ आणि पुढे इंग्रजी एन, म्हणजे १९७९ चा नोव्हेंबर. बसक्या उशीसारखी गोल फुगीर केस, चावी तीनऐवजी चारच्या जागी, म्हणजे मनगट वाकवलं तरी हाताला रुतत नाही. आणि काचेभोवती फिरणारी मिनिटांच्या खुणांची रिंग. बुडी मारताना या रिंगचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग काटा त्रिकोणापासून जितका पुढे सरकेल तितकी मिनिटं झाली. हिशेब करायचा नाही, नुसतं बघायचं. १९५३ साली ब्लाँपाँ आणि रोलेक्सने अशी घड्याळं काढली तेव्हापासून ही युक्ती बदललेली नाही, कारण बदलण्यासारखं तिच्यात काही नाही.

मला ते घड्याळ नवं करायचं होतं. अगदी नवं. नाना ऑपरेशनहून घरी येतील, पट्टी सुटेल, आणि पहिल्यांदा स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्यांना ते १९७९ सारखं दिसेल, असा सिनेमा मी मनात रंगवून ठेवला होता.

पहिल्या दुकानात माझ्या या इच्छेचं जोरदार स्वागत झालं. काउंटरवरच्या माणसाने घड्याळ हातात घेऊन फिरवलं आणि विचारलं, "डायल कुठल्या रंगाची करू? निळी करू, केशरी करू, काळीच पाहिजे तर काळी." केस बफ मारून आरसा करून देतो म्हणाला. मशीन दुरुस्त होण्यासारखं नसेल तर सेलचं टाकतो, कुणाला कळणार नाही. मी घड्याळ परत घेऊन बाहेर पडलो खरा, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर केशरी डायलचा विचार मी रेल्वे पुलापर्यंत केला.

जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये 'मुंबई स्पेशल' ही शिवी आहे. वडापावच्या गाडीवर हे नाव ऐकलं तर माणूस दोन घेईल, पण त्या मंडळींमध्ये याचा अर्थ असा: पुन्हा रंगवलेली भडक डायल, त्यावर किंचित वाकडी छापलेली अक्षरं, एका घड्याळाचे काटे, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचं मशीन, आणि बफ मारून मारून कडा गुळगुळीत झालेलं पोलाद. स्वस्तात, टपालाने, मुंबईहून. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आपल्या शहराचं नाव असं वापरलेलं बघून मला राग आला. मग मी भेंडीबाजारात गेलो आणि राग निम्मा उतरला, कारण ते खरं होतं. उरलेला निम्मा मात्र वाढला.

कारण त्यांना त्या डायलीच्या मागचं माहीत नसतं. आपल्याकडे एचएमटीने १९६१ च्या सुमाराला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं बनवायला घेतली. जपानी आणि स्विस माल यायचा तो आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून नाहीतर चोरवाटेने, आणि तो आला तरी त्याचे सुटे भाग येत नसत. तेव्हा तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करायचं हा इथल्या कारागिरांचा धर्मच झाला. गिऱ्हाइकालाही घड्याळ चाललेलं हवं असायचं आणि दिसायला नवं, लग्नात भेट देण्यासारखं. कुठला काटा मूळचा याची पंचाईत कुणालाच नव्हती. पंचाईत सुरू झाली ती ही घड्याळं बाहेर विकली जायला लागल्यावर. तरीही रंगवलेली डायल हा खोटेपणाच आहे, असं माझं मत झालं. तुटलेला भाग बदलणं वेगळं आणि चेहऱ्यावर दुसरा चेहरा लावणं वेगळं. हे मत मी मोठ्या रुबाबात घेऊन फिरत होतो. पुढे त्याचं काय झालं ते सांगतोच.

मटन स्ट्रीटच्या बाजूच्या गल्लीत, जिन्याखालच्या जागेत, चाचा बसतात. मूळचे श्रीवर्धनकडचे, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. टेबल दोन हात लांब, त्यावर काचेचे घुमट, पेट्रोलच्या वाट्या, आणि बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे, एकेका डब्यात एकेक अवयव. काट्यांचा डबा, चाव्यांचा, रिंगांचा. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ कानाशी नेऊन हलवलं आणि म्हणाले, "पाणी गोडं होतं म्हणून वाचलं. खारं असतं तर आत नुसता गंज मिळाला असता."

झाकण उघडलं तेव्हा मी अगदी जवळ नाक नेऊन बघत होतो. झाकणाखालचं रबर वितळून डांबर झालं होतं, चिमट्याने उचललं तर तार निघायची. घड्याळाची जलरोधकता म्हणतात ती म्हणजे हे रबर: एक झाकणाला, एक काचेला, एक चावीला. डायलवर १५० मीटर लिहिलेलं असतं. दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे पंधरा वातावरणांचं ओझं पेलायची ती हमी असते, आणि ती देणारं रबर काही वर्षांत मरतं. पोलाद तसंच राहतं, आकडाही तसाच राहतो. चावीच्या नळीजवळ पोलादाला खड्डे पडले होते, मुंगीने खाल्ल्यासारखे. पण मशीनवर गंज फक्त एका कडेला, चावीच्या बाजूला.

चाचांनी रोटर काढला. आपण हात हलवतो तेव्हा गरगरणारं हे वजन स्प्रिंगला चावी देतं. या घड्याळाला हाताने चावी देताच येत नाही, चावी फक्त वेळ आणि तारीख लावण्यासाठी. रोटरच्या खाली एक दुहेरी नख्यांची बारीक पट्टी असते. रोटर या बाजूला फिरला की एक नखी चाकाला ढकलते, त्या बाजूला फिरला की दुसरी ओढते, आणि चाक कायम एकाच दिशेला पुढे जातं. सिकोने १९५९ साली काढलेली ही युक्ती. चाचांनी ती पट्टी चिमट्यावर धरून मला दाखवली. "यात बिघडायला आहेच काय?" ते म्हणाले. "हे बनवणारा माणूस आळशी असणार. आळशी माणूसच इतकं सोपं बनवतो."

मग चाकांना धरून ठेवणारा एकेक पूल, एकेक चाक पेट्रोलच्या वाटीत. सतरा खडे असतात या मशीनला, लालसर, मोहरीहून बारीक, आणि प्रत्येकातलं तेल सुकून मध झालेलं. चाचा रवाळ झालेल्या काडीने एकेका खड्याचं भोक पुसत होते. मला वाटलं होतं दुरुस्ती म्हणजे काहीतरी बदलणं असतं. चार दिवसांतले तीन दिवस नुसतं पुसणं चाललं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, बसवला. तो जागेवर बसण्याआधीच एकदा थरथरला. चाचांनी तोंडाने हलकी फुंकरही मारली नव्हती. मग चालूच राहिला, सेकंदाला सहा ठोके, बाहेर हातगाडीवाल्याची आरडाओरड चालू असतानाही ऐकू येईल असा.

डायलवरच्या रेडियमचा प्रश्न निघाला. आपण सगळे त्याला रेडियमच म्हणतो. खरं रेडियम जुन्या काळी असायचं. अमेरिकेत १९२० च्या आसपास डायली रंगवणाऱ्या कामगार मुली ब्रशचं टोक ओठांनी बारीक करायच्या आणि त्यांचे जबडे झडायचे. त्यानंतर बऱ्याच उशिराने ते बंद झालं. या घड्याळात रेडियम नाही, आणि जे आहे ते आता चमकत नाही, जुन्या पुस्तकाच्या कागदासारखं तपकिरी झालं आहे. हल्लीचं रात्रभर उजळणारं रसायन १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने काढलं. चाचा म्हणाले, "ते भरून देऊ का? अंधारात ट्यूबलाइट दिसेल." मी नको म्हणालो. डायलला हात लावायचा नाही, काटेही तेच. माझं ते रुबाबदार मत इथे कामाला आलं आणि मी स्वतःवर खूश झालो.

रिंग मात्र बदलली. ती गाळाने घट्ट झाली होती, त्रिकोणातला चमकता ठिपका पडून गेला होता, आणि बाराच्या जागी कडेच्या बारीक दात्यांमध्ये पोलादाला एक कुरूप खोल ओरखडा होता, दोन दाते उडवून आरपार गेलेला. साखळीबिखळी लागली असणार, मी मनाशी ठरवून टाकलं. हा काही चेहरा नाही, कडेचा भाग आहे, असा सोयीचा नियमही केला. नवी रिंग बाहेरून मागवली, मूळच्या बरहुकूम पण दुसऱ्याच कुणी बनवलेली. चाचांनी जुनी पुढे केली, तर मी म्हणालो, "ठेवा तुम्हीच, कुणाला तरी उपयोगी पडेल." त्यांनी ती डब्यात टाकली. किणकिण आवाज झाला.

शेवटची परीक्षा मला फार आवडली. चाचांनी कटिंग चहा मागवला, चहाच्या ग्लासवर बशी ठेवली आणि बशीत घड्याळ. पाचेक मिनिटांनी ते चांगलं कोमट झाल्यावर काचेवर गार पाण्याचा एक थेंब सोडला. मिनिटभराने थेंब पुसून भिंगातून पाहिलं. आत दमटपणा असेल तर थेंबाखाली धुकं दिसतं. दिसलं नाही. पुढे मी वाचलं की पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी १९८२ पासून जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात हीच चाचणी आहे, घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवून वर पाण्याचा थेंब. चहाचा उल्लेख त्यात नाही. "आत ओल नाही एवढंच कळलं," चाचा म्हणाले, "दाब झेलेल की नाही ते मी नाही सांगू शकत, माझ्याकडे मशीन नाही. हात धुवा. अंघोळ नको." मला काकूची आठवण झाली.

नानांच्या हातात घड्याळ दिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांना काळा चष्मा होता. त्यांनी ते पाहिलंच नाही. डाव्या मनगटावर चढवलं, उजव्या अंगठ्याचं नख रिंगच्या कडेवरून फिरवलं. एकदा. मग पुन्हा एकदा, उलट्या दिशेने. टिकटिक करत रिंग फिरली.

"खाच खंय?"

"कसली खाच, नाना?"

"अरे, हय. बाराक. मी कानशीन केलेली."

मुंबईच्या गोदीत खाली उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. हे मला माहीत होतं आणि तरी त्याचा अर्थ कधी कळला नव्हता. पाणबुड्यांची घड्याळं ज्या पाण्याच्या जाहिराती करतात ते निळं असतं. नानांचं पाणी चहाच्या गाळासारखं. दहा-बारा मीटर खोली, म्हणजे १५० मीटरच्या घड्याळाला पाय बुडतील एवढं. पण काळोख पूर्ण. वर एकजण दोरी धरून बसायचा, वेळ बघायचा आणि झटके देऊन कळवायचा, पण नानांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "तो च्या पिऊक गेलो तर?" दरवाज्यांचं काम भरती-ओहोटीवर चालायचं, आणि पाणी फिरायच्या आत वर येणं भाग असायचं. घड्याळ मुखवट्याच्या काचेला चिकटवलं तर मिनिटकाट्याची हिरवट रेघ तेवढी दिसायची. रिंग दिसायची नाही. मग नानांनी एका दुपारी वर्कशॉपमधून तिकोनी कानस आणून बाराच्या जागी खाच पाडली. अंगठा खाचेवर ठेवायचा, डोळा हिरव्या रेघेवर. अंगठ्यापासून रेघेपर्यंत जेवढं अंतर तेवढी मिनिटं गेली.

जपानमध्ये कुरे इथल्या एका पाणबुड्याने १९६८ साली सिकोला पत्र लिहिलं होतं. फार खोल, हीलियम मिसळलेल्या हवेत काम करताना तो वायू घड्याळात शिरतो आणि वर येताना काच उडते, अशी तक्रार. कंपनीने सात वर्षं त्यावर घालवली आणि १९७५ मध्ये ६०० मीटरचं घड्याळ काढलं. ही गोष्ट मी आधी दहा जणांना कौतुकाने सांगितली होती. आमच्याच घरात एका पाणबुड्याने त्याच कंपनीच्या घड्याळात त्याला हवी ती दुरुस्ती पाच मिनिटांत, फुकट केली होती, आणि मी ती ओरखडा म्हणून काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी गल्लीत उभा होतो. चाचांनी रिंगांचा डबा टेबलावर पालथा केला. पन्नास-साठ रिंगा असतील. मी नखाने एकेक चाचपली. चाचा गप्प बसून बघत होते, मग म्हणाले, "गेली ती. गेल्या शुक्रवारी एक पार्सल होतं, त्यातल्या घड्याळाला बसवली. ओरखडा होता, पण गिऱ्हाइकाला रिंग मूळचीच पाहिजे होती." पार्सल कुठे गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं, मधला दलाल घेऊन गेला. म्हणजे आता कुठल्याशा थंड देशात कुणीतरी माणूस भिंगातून ती खाच बघत असेल आणि मुंबईच्या नावाने बोटं मोडत असेल. माझी बोलती बंद झाली. चाचांनी चहा मागवला, पैसे मला देऊ दिले नाहीत.

घरी येऊन मी नानांना सांगितलं. फार वाईट वाटेल अशी तयारी केली होती. तसं काही झालं नाही. खरं तर ज्या पाण्यात ती खाच वापरली ते पाणीही राहिलेलं नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या बुजवल्या, कंटेनर ठेवायला. नाना बुडी मारायचे तिथे आता ट्रक उभे राहतात. हे त्यांनीच मला कधीतरी हसत सांगितलं होतं, आपण चालत जाऊ एकदा तळाशी म्हणून.

"कानस हाड," नाना म्हणाले.

मी म्हणालो, नाना, रिंग नवी आहे, बाहेरून मागवलेली आहे. हे बोलतानाच मला कळलं की हे वाक्य कुणाला सांगतोय. पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीत तिकोनी कानस होती, मुठीला सुतळी गुंडाळलेली. नानांनी वर्तमानपत्र पसरलं, घड्याळ पालथ्या मांडीवर टेकवलं, काचेवर रुमाल धरला. काळा चष्मा काढायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तो तसाच. जागा त्यांनी अंगठ्याने शोधली. चावीपासून उलटे मोजत मोजत बारापर्यंत आले आणि घासायला लागले. आवाज असा की दात आंबले. माझे दोन महिने आणि नव्या रिंगचे पैसे चकचकीत भुग्यासारखे राशिभविष्यावर पडत होते. मधेच थांबून ते नखाने अंदाज घेत, मान हलवत, परत घासत. दोन दाते उडाले तेव्हा थांबले.

"आता बरा."

काकूच्या फोटोखालच्या घड्याळात साडेदहा झाले होते. नानांनी नवं-जुनं ते घड्याळ हातात चढवलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि मोरीकडे निघाले. मी काही बोलायच्या आत उंबऱ्यावर थांबून त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला.

"चावी घट्ट आसा काय बघ."

मी चारच्या जागेवरची चावी दोन बोटांत धरून पिळली. एक वेढा फिरली, मग अडली. आणखी थोडी पिळून पाहिली. दार लागलं आणि आतून पहिल्या तांब्याचा आवाज आला.